जोड्या लावा, जोड्या पाडा

इंग्रजीतली ‘पेअर अप’ आणि ‘पेअर ऑफ’ ही दोन क्रियापदे मी कित्येक वर्षे एकाच अर्थाने वाचत होतो: जोडी जमवणे. हा फरक मला उलगडला तो आपल्याच मराठीमुळे. प्रश्नपत्रिकेत आपण ‘जोड्या लावा’ म्हणतो. खेळाच्या मैदानावर मात्र ‘जोड्या पाडा’. लावताना सुटे एकत्र येतात, पाडताना घोळक्याचे तुकडे होतात. गट पाडावेत, फोडी पाडाव्यात, तशाच जोड्या.

इंग्रजीत हेच काम क्रियापदामागचा छोटा शब्द करतो. ‘जॉइन अप’मधला ‘अप’ जवळ आणतो. ‘ब्रेक ऑफ’मधला ‘ऑफ’ मूळ वस्तूपासून वेगळे करतो. म्हणून एखाद्या कामासाठी दोघे ‘पेअर अप’ होतात. मेजवानीतली पाहुणेमंडळी दोघे-दोघे बाजूला झाली, की ती ‘पेअर ऑफ’ होतात. त्यामुळेच प्रेमात पडून जोडीने वेगळे होणाऱ्यांसाठी ‘ऑफ’ अधिक शोभतो. संख्या विषम असेल तर एक जण उरतो, हेही त्यात आलेच.

मूळ ‘पेअर’ शब्द लॅटिन ‘पार’पासून, जुन्या फ्रेंचमार्गे आलेला. ‘पार’ म्हणजे समान. ही समानता सर्वांत स्पष्ट दिसते ती ब्रिटिश संसदेत. तिथे परस्परविरोधी पक्षांचे दोन सदस्य ‘पेअर’ होतात, म्हणजे दोघांनीही मतदानाला गैरहजर राहायचे. एकाचे मत दुसऱ्याच्या मताला छेदते आणि निकाल बदलत नाही. इथे जोडी मित्रांची नसून विरोधकांची असते, आणि तिला सभागृहाच्या नियमांचा नव्हे, केवळ शब्दाचा आधार असतो.

17 जुलै 2018 रोजी हा शब्द मोडला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या जो स्विन्सन प्रसूती रजेवर होत्या. त्यांच्या जोडीतले हुजूर पक्षाचे ब्रँडन लुईस यांनी मात्र जकात संघाविषयीच्या दुरुस्तीवर मतदान केले. ती दुरुस्ती 307 विरुद्ध 301 मतांनी फेटाळली गेली. लुईस यांच्या एका मताने निकाल फिरला नव्हता, आणि चूक झाल्याचे सांगून त्यांनी क्षमाही मागितली. तरीही विश्वास उरला नाही. जानेवारी 2019मध्ये नवजात बाळांच्या आईवडिलांसाठी प्रतिनिधीमार्फत मतदानाची सोय प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली.

कोशात ‘पेअर’समोर ‘जोडी’ लिहून भागते. पण जोडी लावली की पाडली, आणि ती कोणाच्या भरवशावर, हे मागचा छोटा शब्द आणि पुढचा माणूस पाहूनच कळते.