कृत्रिम सांध्याची झीज आणि पोखरले जाणारे हाड

बहुतेक कृत्रिम खुब्यांमध्ये धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा पॉलिएथिलीनच्या वाटीत फिरतो. दर पावलागणिक वाटी किंचित घासते आणि तिचे कण सुटतात. यांतले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतात.

हे कण हाडाला थेट इजा करत नाहीत. हाड पोखरते ती शरीराची प्रतिकार यंत्रणा. जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशी हे कणही गिळतात. जंतू पचतो, प्लास्टिक पचत नाही. मग या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशी दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात. त्यांच्या प्रभावाने हाड झिजवणाऱ्या अस्थिभक्षक पेशी वाढतात आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात. जंतुसंसर्ग नसतानाही हाड विरघळत जाते आणि घट्ट बसवलेला सांधा हळूहळू सैल होतो.

या प्रश्नाची पहिली ठळक जाणीव इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात झाली. शल्यविशारद जॉन चार्नली यांनी 1958 पासून टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. काही वर्षांतच त्या झिजल्या आणि भोवती कणांनी भरलेल्या गाठी झाल्या. चार्नली यांनी टेफ्लॉन व पॉलिएथिलीनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठ हाताला लागत होती, पॉलिएथिलीनच्या जागी नव्हती. 1962 मध्ये त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी वापरात आणली. ती कितीतरी टिकाऊ ठरली. पण वर्षानुवर्षे साचणारे तिचे कणही हाड पोखरतात, हे पुढे उघड झाले.

धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांत प्रतिक्रिया वेगळी असते. कोबाल्ट व क्रोमियमचे कण आणि आयन काही रुग्णांत लिम्फोसाइट पेशींना चेतवतात. त्यातून सांध्याभोवती सूज व गाठी येतात, स्नायूही नष्ट होऊ शकतात. असे खुबे आता क्वचितच बसवले जातात.

1990 च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्साराने रेणूसाखळ्या एकमेकींत गुंफलेले पॉलिएथिलीन वापरात आले. त्याची झीज खूपच कमी असल्याने हाड पोखरण्याचे प्रमाणही घटले.

हाडाची ही झीज बराच काळ दुखत नाही. वेदना सुरू होईपर्यंत पुष्कळ हाड गेलेले असू शकते आणि मग फेरशस्त्रक्रिया अवघड होते. म्हणूनच सांधा दुखत नसला, तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी एक्स-रे काढून घेणे आवश्यक असते.