जांभ्यातला स्फुरद आणि नव्वदचं दशक

२०२५च्या खरिपात डीएपी या स्फुरदयुक्त खताची टंचाई झाली. चीनने निर्यात आखडली, बाजारात भाव चढले आणि लावणीच्या ऐन तोंडावर त्याची झळ आमच्या रत्नागिरीपर्यंत पोचली. ५० किलोच्या गोणीची किंमत १३५० रुपये ठरलेली, पण गोणीच मिळेना. आमच्या भागात जिथे होती तिथे सोबत दुसरं कसलं तरी खत गळ्यात मारत होते. मला मात्र त्याहून लागलं ते एका तरुण शेतकऱ्याचं बोलणं. "काका, आपल्या मातीत स्फुरदच नाही. डीएपी नसेल तर भात होणार कसं?" त्याच्या पणजोबांनी त्याच खाचरात भात पिकवलं, तेव्हा डीएपी हे नावही गावात कुणाच्या कानावर आलं नव्हतं. ही समजूत एवढी घट्ट कधी झाली याचा मागोवा घेताना मी दर वेळी १९९० ते २००० या दहा वर्षांशी येऊन थांबतो. ती वर्षं मी गावात राहून पाहिली आहेत.

आधी मातीचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस हजारो वर्षं इथल्या खडकावर पडतो आहे. त्याने चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेला आणि लोखंड व अॅल्युमिनियम मागे ठेवलं. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोखंडाचा. हे दोन्ही धातू स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे मातीत एकूण स्फुरद असतो, पण मुळाच्या हाती लागेल असा फार थोडा. वरून टाकलेल्या खताचंही तेच होतं. पहिल्या हंगामात त्यातला लहानसा वाटा पिकाला मिळतो, बाकीचा मातीत अडकतो. शिवाय नत्र पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतं तसा स्फुरद येत नाही, तो जागचा जेमतेम मिलिमीटरभर हलतो. मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं. जांभ्यावर जगणाऱ्या प्रत्येक रोपाने हे जाणं कसं जमवलं, ही कोकणच्या शेतीची खरी विद्या.

या विद्येचा लिखित इतिहास रुक्ष आहे. १८८०च्या दशकात ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, होणाऱ्या तोडीवरून वन खातं आणि शेतकरी यांच्यात ताण वाढला, मुंबई फॉरेस्ट कमिशन बसलं, त्याचा जाडजूड अहवाल निघाला. पुढची कित्येक दशकं परिपत्रकांची. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ आलं, १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला. या सगळ्या काळात गावातली शेती फारशी बदलली नव्हती. म्हणून १९९०च्या उंबरठ्यावर ती कशी होती ते नीट सांगायला हवं.

थंडीत ऐन-किंजळीच्या झाडांचा टाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडायचा. पानगळीआधी तोडायचा, हे महत्त्वाचं. झाड पान गाळण्यापूर्वी त्यातला बराचसा स्फुरद परत खोडात ओढून घेतं, गळलेल्या पानात तो थोडाच उरतो. हिरव्या टाळात तो भरपूर असतो. हा टाळ, शेण, गवत आणि पातेरा तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागी थरावर थर रचून वैशाखात भाजावळ व्हायची; हाच राब. जाळात नत्र उडून जातं, पण स्फुरद आणि पालाश राखेत राहतात. राखेने जमिनीची आम्लता उतरते आणि लोखंड-अॅल्युमिनियमची पकड थोडी सैल होते. म्हणजे सगळ्या खाचराला पुरेल एवढा स्फुरद नसताना, आहे तो रोपाच्या कोवळ्या वयात, चार वाफ्यांत त्याच्या तोंडाशी दिला जायचा. स्फुरदाची उपासमार रोपाला सर्वांत महाग पडते ती याच वयात. मग फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही खत दिलं तरी ती कसर भरून निघत नाही.

तरवा काढून चिखलणी केलेल्या खाचरात गेला की पाणी कामाला लागायचं. पाणी साठून मातीतली हवा संपली की सूक्ष्मजीव लोखंडाचं रूप पालटतात, ते विरघळतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद सुटतो. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून उतरलेला प्राणवायू बाहेर झिरपतो, मुळांवर लोखंडाचा तांबूस थर चढतो, आणि या क्रियेत मुळालगतची माती आम्ल होऊन आणखी स्फुरद मोकळा होतो. उपटलेल्या भाताची तांबडी मुळं लावणी-बेणणीत आमच्या आयांनी आयुष्यभर हाताळली. बांध फुटू न देण्याची त्यांची धडपड पाण्यासाठी होती तशीच, नकळत, स्फुरदासाठीही होती.

वरकसावरच्या, म्हणजे उताराच्या जमिनीवरच्या, नाचणी-वरीला साठलेल्या पाण्याचा आधार नाही. नाचणी वरच्या थरात तंतुमुळांचं दाट जाळं पसरते, कारण उपलब्ध स्फुरद वरच्या चार बोटांतच असतो. मुळांवर केसांसारखे बारीक तंतू वाढतात. मुळं सेंद्रिय आम्लं सोडून अडकलेला स्फुरद सोडवतात आणि विकरं सोडून कुजणाऱ्या पाल्यातला मोकळा करतात. तरी कमी पडलं तर रोपं जुन्या पानांतला काढून कोवळ्या पानांना आणि कणसाला पुरवतात. या सगळ्यांहून मोठा आधार बुरशीचा. मुळांत शिरून राहणारी मायकोरायझा बुरशी आपले धागे मुळापासून काही सेंटिमीटर दूर पाठवते, मुळाला शिरता येणार नाही अशा फटींतून स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. हा व्यवहार घरच्या जुन्या वाणसामानाच्या वहीसारखा दोन्हीकडे चोख असतो. आयता स्फुरद भरपूर मिळाला की रोप बुरशीला साखर देणं कमी करतं आणि नातं विरळ होतं.

आता ते दशक. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. तिने कोकणाला आंबा-काजूचं उत्पन्न दिलं, अनेक घरांची मुंबईच्या मनीऑर्डरवरची भिस्त कमी केली, हे मी मनापासून मान्य करतो. पण तिने वरकस जमीन 'पडीक' म्हणून मोजली. दोन-तीन वर्षं नाचणी, वरी, मग काही वर्षं विसावा, असा त्या उतारांचा क्रम होता. विसाव्यात झुडपं खोलवरचा स्फुरद वर आणत, पाला वरच्या थरात कुजे. जमिनीला लागणाऱ्या या विश्रांतीला कागदावर आळस ठरवण्यात आलं. काही वर्षांत आमच्या वाडीची वरी गेली, मग हरीक गेला, नाचणी परसापुरती उरली. २०२३ साली जगाने भरडधान्य वर्ष साजरं केलं, तेव्हा आमच्याकडे बियाणं विकत आणावं लागत होतं.

दुसरा घाव २५ ऑगस्ट १९९२चा. त्या दिवशी केंद्राने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरचं किंमत-नियंत्रण उठवलं आणि युरिया मात्र नियंत्रणात, स्वस्त ठेवला. डीएपी महागलं आणि शेतकऱ्याच्या हाती नुसता युरिया राहिला. त्याच सुमारास गावोगावच्या सभांत राब ही अडाणी, जंगलखाऊ चाल असल्याचं सांगितलं जात होतं. राबाने ऐन बोडके झाले, बायकांच्या डोक्यावर भारे आले, हे खरंच आहे. पण राब सोडा म्हणणाऱ्यांनी राखेतून रोपाला मिळणाऱ्या स्फुरदाची भरपाई कशाने करायची ते सांगितलं नाही. तरव्यावर युरिया फेकला जाऊ लागला. रोपं हिरवीगार दिसत आणि मुळं आखूड राहत. त्या सभांमध्ये मी हा प्रश्न विचारला होता. उत्तर मिळालं नाही, आणि त्याचा राग आजही आहे.

तिसरा बदल वाणांचा. जया-रत्नापासून सुरू झालेला ओघ १९९८ साली कर्जतहून आलेल्या 'सह्याद्री' संकरित भातापर्यंत पोचला. या वाणांनी पोती भरली, त्यांच्या संशोधकांचे कष्ट मोठे आहेत. मात्र वाण निवडण्याची शेतं खत दिलेली असत. उपाशी मातीत कोणाची मुळं किती धावतात ही परीक्षा तिथे नव्हती, म्हणून तो गुण कुणी मोजला नाही. पाटणीसारखी जुनी भातं एकेका घरातून गेली. २०१२ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'कसलथ' या पारंपरिक भातातलं पीएसटीओएल-१ हे जनुक दाखवून दिलं. ते रोपाची मुळं लहान वयातच वाढवतं आणि स्फुरद कमी असलेल्या जमिनीत उत्पन्न टिकवतं. अनेक आधुनिक वाणांत ते नाही. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या कणग्यांतून गेलेल्या वाणांची आठवण झाली. त्यांत काय होतं हे तपासण्याआधीच ती संपली.

चौथा घाव सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर. कातळाला सुरुंग लावून, खड्डे पाडून, बाहेरची माती भरून कलमं लावली गेली. 'तिथे काही उगवतच नाही' हे समर्थन. पावसाळ्यात त्या कातळावर सीतेची आसवं आणि दवबिंदू उगवतात, आणि जमिनीत न मिळणारं नत्र-स्फुरद कीटक पकडून मिळवतात. दीपकाडीसारखी फक्त कोकणच्या सड्यांवरची वनस्पती कांद्यात साठा करून आठ महिने तग धरते. टंचाईत जगण्याचे सर्वांत धाडसी प्रयोग तिथे चालले होते, आणि त्यांचीच जागा आपण रिकामी समजलो.

कोकणाबाहेर, विदर्भाच्या काळ्या मातीत चित्र उलट, पण अडचण तीच. तिथे स्फुरदाला चुना बांधून ठेवतो, आणि कापसाचं जाड मूळ बुरशीवर फार विसंबून असतं. ऑस्ट्रेलियात असं दिसलं, की जमीन लांबलचक काळ पिकाविना उघडी ठेवली तर ही बुरशी घटते आणि पुढच्या पिकाला मातीत स्फुरद असूनही उपासमार होते. तणनाशक मारून बाग वर्षभर झाडून-पुसून ठेवणाऱ्या आमच्या बागायतदारांनी हा धडा वाचायला हवा.

डीएपी टाकूच नका असं माझं म्हणणं नाही. दापोलीच्या विद्यापीठाने शिफारस केलेल्या युरिया-डीएपीच्या गोळ्या चार रोपांच्या मध्ये खोचल्या की थोडं खत मुळाशी पोचतं, मातीत कमी अडकतं. हा राबाचाच विचार नव्या रूपात आहे आणि तो वाढवायला हवा. पण वर्षानुवर्षं डीएपी घेतलेल्या शेतात किती स्फुरद साठून पडलाय हे मातीपरीक्षणाशिवाय कळणार नाही. शिरगावच्या आणि दापोलीच्या संशोधन क्षेत्रांवर स्फुरद न दिलेले वाफे कायमचे राखून त्यांत उरलेली स्थानिक भातं, नाचण्या शेजारी शेजारी लावून पाहिल्या पाहिजेत. आणि उरलेले सडे पडीक या रकान्यातून बाहेर काढले पाहिजेत.

जगातल्या स्फुरदखनिजाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोकडे आहेत. त्यावर आपला ताबा कधीच नसणार. आपल्या ताब्यात वाण आहेत, बांध आहेत, मातीतली बुरशी आहे. पुढची टंचाई येण्याआधी यांच्यावरचं काम सुरू झालं नाही, तर तेव्हा दोष चीनला देता येणार नाही.