विश्लेषण : इंजिनवरचे प्लास्टिक कव्हर काढले की गाडी कमी तापते का?

उन्हाळ्यात विदर्भाचा पारा ४२ ते ४५ अंशांवर गेला, की गाडी गरम होण्याच्या तक्रारी वाढतात. त्यावर एक बिनखर्चाचा उपाय हमखास सुचवला जातो. बोनेट उघडा, इंजिनवरचे काळे प्लास्टिक कव्हर उचकटून घरी ठेवून द्या, इंजिनाला मोकळी हवा मिळेल. ऐकायला हे पटते. भर मे महिन्यात कोणी गोधडी पांघरून बसत नाही, मग इंजिनाने का बसावे? पण इंजिन थंड राहते ते वेगळ्याच वाटेने. ती वाट समजून न घेता केवळ कव्हर काढून निर्धास्त झालेल्या मालकाला यवतमाळ ते नागपूर प्रवासात रस्त्यातच थांबण्याची वेळ येऊ शकते.

हे कव्हर असते कशासाठी?

बोनेट उघडल्यावर वरच दिसणारे, कंपनीचे नाव कोरलेले काळे झाकण म्हणजे इंजिन कव्हर. त्याचे पहिले काम आवाज दाबण्याचे. विशेषतः डिझेल इंजिनात आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत इंजेक्टरची टकटक मोठी असते. कव्हरच्या आतल्या बाजूला बसवलेला फोम ती शोषून घेतो. दुसरे काम इग्निशन कॉइल, इंजेक्टर, वायरी आणि त्यांचे जोड यांच्यावर धूळ व पाणी पडू न देण्याचे. तिसरे काम दिसण्याचे. वायरी-नळ्यांचा पसारा झाकला जातो.

हे कव्हर बहुधा काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनचे असते. त्याचा वितळणबिंदू बराच वर असल्याने बोनेटखालच्या नेहमीच्या उष्णतेत ते वितळत नाही. शिवाय ते इंजिनाला चिकटून बसत नाही. रबरी गुट्ट्यांवर टेकलेले असल्याने खाली आणि चारही बाजूंनी हवेला फट राहते. म्हणून गोधडीची उपमा इथे फारशी लागू पडत नाही.

इंजिनाची उष्णता बाहेर पडते कुठून?

इंधन जळून तयार होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी चालवण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच ऊर्जा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. उरलेली बरीचशी कूलंट उचलतो. वॉटर पंप हा कूलंट सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो आणि समोरच्या रेडिएटरकडे पाठवतो. तिथे धावत्या गाडीची हवा किंवा पंखा त्याला गार करतो. इंजिनाच्या वरच्या पृष्ठभागावरून थेट हवेत जाणारी उष्णता या मानाने थोडी असते.

या सगळ्याचा पहारेकरी म्हणजे थर्मोस्टॅट. कूलंट साधारण ८० ते ९० अंशांवर पोहोचला की हा झडपेसारखा भाग उघडू लागतो आणि कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करून देतो. तापमान उतरले की वाट पुन्हा आवळतो. त्यामुळे बहुतेक गाड्यांत कूलंट ९० ते १०५ अंशांच्या आसपास राखला जातो. समजा, कव्हर काढल्याने इंजिनाची थोडी उष्णता वरून निघून गेली. तरी थर्मोस्टॅट आपली झडप तेवढी कमी उघडेल आणि कूलंट होता तिथेच राहील. धडधाकट गाडीत कव्हर काढून काटा खाली येत नाही, त्याचे कारण हेच.

मग काहीच फरक पडत नाही का?

थोडा पडतो, पण तो वेगळ्या ठिकाणी. लांबचा प्रवास करून गाडी बंद केली की पंप थांबतो, पण तापलेल्या लोखंड-अॅल्युमिनियमची उष्णता वर चढत राहते. या वेळी कव्हर नसेल तर इंजिनावरच्या कॉइल, वायरी आणि जोड थोडे लवकर निवतात. सिग्नलवर किंवा जाममध्ये उभ्या गाडीतही बोनेटखालची हवा किंचित सहज हलते. गाडी वेगात असताना हा फरकही जवळपास संपतो. आणि गाडी उभी असताना नुसते बोनेट उघडून ठेवले, तर कव्हर काढण्यापेक्षा कितीतरी जास्त गरम हवा बाहेर जाते.

कव्हर काढल्यावर हाताला जास्त झळ लागते आणि ‘बघा, किती उष्णता कोंडली होती’ असे वाटते. प्रत्यक्षात आधी हात कव्हरवर होता, आता तो इंजिनाजवळ आहे, एवढाच बदल झालेला असतो. खरी परीक्षा कूलंटच्या तापमानाची. अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, आणि तापमान बरेच वाढल्यावरच तो हलतो. काही छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. ज्यांना पडताळून पाहायचे आहे त्यांनी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला छोटे यंत्र जोडून मोबाइलवर कूलंटचा आकडा पाहावा. रस्ता, वेळ, माणसे आणि एसी तेच ठेवून एकदा कव्हरसह, एकदा कव्हरविना फेरी मारली की उत्तर मिळते.

यवतमाळच्या उन्हात गाडी जास्त का तापते?

रेडिएटर चालतो तो कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर. हिवाळ्याच्या सकाळी हवा १५ अंश आणि कूलंट ९५ अंश असेल तर हा फरक ८० अंशांचा. मे महिन्याच्या दुपारी हवा ४५ अंश झाली की फरक उरतो ५० अंशांचा. म्हणजे तेवढ्याच हवेतून रेडिएटर सुमारे ३७ टक्के कमी उष्णता टाकू शकतो. त्यात एसी सुरू असेल तर रेडिएटरच्या पुढे असलेला त्याचा कंडेन्सर हवा आणखी तापवून मागे सोडतो. तापलेल्या डांबरावर हवा ४५ अंशांपेक्षाही गरम असते. अशा वेळी रेडिएटरची क्षमता थोडी जरी घटलेली असेल तरी ती उघडी पडते.

ही क्षमता घटवणारी कारणे जिल्ह्यात भरपूर आहेत. वणी परिसरात कोळशाच्या वाहतुकीची काळी धूळ उडते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू हवेत असतात आणि ते रेडिएटरच्या जाळीत अडकून त्यावर धूळ साचत जाते. शेतरस्त्यांचा चिखल वाळून जाळी बुजवतो, तो भाग वेगळाच. बाहेरून हे सहसा दिसत नाही, कारण कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचतो.

दुसरे कारण पाणी. कूलंट कमी झाला की अनेक जण बोअरचे पाणी ओततात. त्यातले क्षार तापल्यावर आतल्या नळ्यांना थर देतात, जसा घरच्या गिझरमध्ये किंवा पाणी तापवण्याच्या भांड्यात बसतो. हा थर उष्णता अडवतो. कव्हर काढण्यापेक्षा डिस्टिल्ड वॉटर आणि योग्य कूलंटचे मिश्रण भरणे हा कितीतरी परिणामकारक उपाय आहे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत कूलंट बदलायलाही हवा.

कोणते प्लास्टिक काढू नये?

‘प्लास्टिक काढा’ हा सल्ला धोकादायक ठरतो तो इथे. बोनेटखालचे प्रत्येक प्लास्टिक शोभेचे नसते. रेडिएटरच्या मागे पंख्याभोवती असलेले वर्तुळाकार आवरण पंख्याला रेडिएटरच्या पूर्ण पृष्ठभागातून हवा ओढायला लावते. ते काढले किंवा फुटके ठेवले, तर पंखा जवळपासचीच गरम हवा पुन्हा पुन्हा घुसळतो. बंपर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बाजूच्या पट्ट्या समोरून आलेली हवा बाहेर न सांडता जाळीतच शिरेल, याची काळजी घेतात. इंजिनाखालची प्लास्टिकची थाळीही खडे आणि चिखल अडवते. अनेक गाड्यांत हवेची दिशाही तीच ठरवते. काही गाड्यांत तर वरच्या कव्हरमध्येच एअर फिल्टरची पेटी असते; तिथे ते काढून गाडी चालवता येत नाही.

दुचाकीत तर ही चूक आणखी महागात पडते. बहुतेक स्कूटरमध्ये रेडिएटर नसतो. क्रँकला जोडलेला पंखा हवा ढकलतो आणि सिलिंडरभोवतीचे प्लास्टिकचे आवरण ती हवा नेमकी त्याच्या पात्यांवरून नेते. हे आवरण काढून टाकले की हवा इकडेतिकडे सांडते आणि इंजिन कमी नाही, उलट जास्त तापते. मोटारसायकलच्या सिलिंडरवरच्या पात्यांना मात्र काही झाकण नसते. तिथे चिखल आणि तेलकट धूळ खरवडून काढणे, हाच उपाय.

कव्हर काढून ठेवायचेच असेल तर?

मूळ इंजिन कव्हर काढल्याने गाडी बिघडत नाही. मेकॅनिक काम करताना ते नेहमीच काढतात. मात्र आवाज वाढतो, धूळ आणि सर्व्हिसिंगच्या वेळी मारलेले पाणी कॉइलच्या जोडांवर थेट पडते. वॉरंटी सुरू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारलेले बरे. काढले किंवा ठेवले, तरी महिन्यातून एकदा त्याखाली डोकावणे उपयोगाचे. उबेला येऊन बसलेले उंदीर वायरी कुरतडतात आणि सुकी पाने, कागद, कापूस गोळा करतात. फोम तेलाने भिजलेला असेल तर तो बदलावा किंवा काढून टाकावा, कारण तापलेल्या भागाजवळ तेलकट फोम आगीला निमंत्रण देतो. रबरी गुट्टी तुटून कव्हर एखाद्या गरम नळीवर टेकत असेल, तर तीही बदलून घ्यावी.

काटा चढला तर काय करावे?

सर्वप्रथम एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात ठेवून सुरू करावा. हीटर म्हणजे कूलंटचाच छोटा रेडिएटर, तो काही उष्णता गाडीच्या आत ओढतो. घाम फुटेल, पण इंजिन वाचू शकते. काटा तरीही चढत राहिला किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणत चार-पाच किलोमीटर ओढलेली गाडी हेड गॅस्केट घेऊन बसते, आणि हेड वाकले तर मोठा खर्च ठरलेला.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. बंद यंत्रणेत दाब असल्याने आतले पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि उकळते पाणी व वाफ थेट तोंडावर, हातावर उडते. बोनेटमधून वाफ येत नसेल तरच ते सावधपणे उघडावे आणि किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर बाजूच्या टाकीतील पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहावे. ती वारंवार खाली जात असेल तर गळती शोधावी लागते.

उन्हाळा सुरू होण्याआधी चार गोष्टी तपासून घेतल्या तर बहुतेक गाड्या ४५ अंशांतही तक्रार करत नाहीत : कूलंटची पातळी आणि वय, जाळीतला कचरा, एसी लावताच फिरू लागणारा पंखा आणि रेडिएटरच्या झाकणाचे रबर. कंडेन्सर व रेडिएटरमधील फट कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेरच्या दिशेने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने नाजूक पत्रे वाकतात. यानंतरही काटा चढत असेल तर थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंपाकडे पाहावे लागेल.