एकाच सीटवर दोन मते

पुण्यात कोणी 'गाडी घेतली' असे म्हणाले, की ती बहुधा दोन चाकांचीच असते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे स्कूटर-मोपेडचे झाले. आकुर्डीच्या बजाज ऑटोची 'चेतक' आणि पुण्याच्याच कायनेटिक इंजिनिअरिंगची 'लुना', दोन्ही १९७२ सालच्या. गाड्या बदलत गेल्या. पण घरोघरचा एक वाद मात्र तसाच राहिला. वडिलांना जी सीट गादीसारखी वाटते, तिच्यावर मुलीची पाठ दुखते. मग वडील म्हणतात, "तुला सवय नाही!" खरेच हा सवयीचा प्रश्न आहे का? आपण पाहू या.

आमच्या महाविद्यालयातील दोन प्राध्यापक एकदा मोटारसायकलींवरून साताऱ्याला निघाले. एकांचे वजन ४८ किलो, दुसऱ्यांचे बरोबर दुप्पट, ९६ किलो. त्यांना आपण लहान सर आणि मोठे सर म्हणू. एक गाडी हलकी, मऊ सीटची. दुसरी १९० किलोची. तिची सीट घट्ट आणि सीटखाली जाड स्प्रिंगा. शिरवळला चहासाठी थांबल्यावर त्यांनी गाड्यांची अदलाबदल केली. परतल्यावर मोठे सर म्हणाले, "जड गाडीसारखे सुख नाही. मऊ सीटवर बूड बधिर झाले." लहान सर म्हणाले, "मऊ सीटच बरी. जड गाडीने हाडे खिळखिळी केली!" दोघेही पदार्थविज्ञान शिकवणारे, आणि दोघेही खरे बोलत होते.

प्रथम दाबाचे गणित करू. बसलेल्या माणसाचे सगळे वजन सीटवर पडत नाही. काही भार पाय आणि हात घेतात. सीटवर तीन चतुर्थांश वजन येते असे धरा. म्हणजे लहान सरांचे ३६ किलो आणि मोठ्या सरांचे ७२ किलो. लहान सरांचा सीटला टेकलेला भाग समजा ९०० चौरस सेंमी आहे. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. तो झाला दर चौ. सेंमी.ला ४० ग्रॅम. मोठ्या सरांचे वजन दुप्पट असले तरी टेकणारा भाग दुप्पट नसतो. तो १,२०० चौ. सेंमी. धरला, तर दाब येतो ६० ग्रॅम.

आता आणखी एक आकडा लक्षात घ्या. आपल्या केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटर असतो, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सुमारे ४० ग्रॅम. बाहेरून याहून जास्त दाब बराच वेळ राहिला, की तेथील रक्तप्रवाह अडतो आणि मुंग्या येऊ लागतात. शिवाय आपण काढला तो सरासरी दाब. बैठकीच्या दोन हाडांखाली तो कितीतरी अधिक असतो. फोमचे काम हा दाब पसरवण्याचे. पण मऊ फोम मोठ्या सरांच्या भाराखाली पार चेपला जातो आणि हाडांना खालचा कठीण तळ लागतो. घट्ट फोम त्यांना नीट पेलतो. लहान सरांच्या भाराने मात्र तो पुरेसा दबतच नाही. तो त्यांना फळीसारखा वाटतो.

दुसरी गोष्ट धक्क्यांची. स्प्रिंगवर ठेवलेले वजन ठरावीक गतीने वर-खाली हलते. ही नैसर्गिक वारंवारता काढण्याची सोपी युक्ती अशी: भाराने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबली, त्या संख्येच्या वर्गमूळाने ५ला भागा. उत्तर येते दर सेकंदाची आंदोलने. समजा, त्या स्प्रिंगा लहान सरांच्या भाराने १ सेंमी. दबल्या, वारंवारता ५. मोठ्या सरांखाली त्या २ सेंमी. दबणार, वारंवारता सुमारे ३.५.

यात बिघडले कुठे? बसलेल्या माणसाचे धडही एखाद्या स्प्रिंगवरील वजनासारखे हलते, आणि त्याची स्वतःची वारंवारता सेकंदाला ५च्या आसपासच असते. म्हणूनच १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'आयएसओ २६३१' या आंतरराष्ट्रीय मानकात उभ्या दिशेची ४ ते ८ वारंवारतेची कंपने माणसाला सर्वांत त्रासदायक मानली आहेत. रस्त्यावर दर २ मीटरला उंचवटा असेल आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, जात असेल, तर सेकंदाला ५ धक्के बसतात. झोपाळ्याला योग्य वेळी झोका द्यावा तसे लहान सर उडू लागतात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. मोठ्या सरांची वारंवारता जुळत नसल्याने ते बचावतात. टायर आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर धक्के कमी करतात हे खरे. पण दोघांमधील फरक उरतोच.

तिसरी गोष्ट गाडीच्या वजनाची. धावताना हेच वजन उपकारक ठरते. जड गाडी खड्ड्यातून कमी उडते. उभी करताना मात्र चित्र बदलते. १९० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी.वर आणि हँडल १ मीटरवर आहे असे धरा. गाडी सरळ असेल तर हाताला काहीच भार नाही. ती १० अंशांनी कलली, की हँडलशी सुमारे १६ किलोचा जोर लावावा लागतो. २० अंशांना सुमारे ३२ किलोचा! मोठ्या सरांना हे काही विशेष नाही. लहान सरांच्या स्वतःच्या वजनाचा तो दोन तृतीयांश आहे. शिरवळच्या उतारावर त्यांच्या हातून गाडी पडता पडता वाचली, ती उगाच नव्हे.

आता एक प्रयोग करा. कठीण स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवा आणि त्यावर मिनिटभर ताठ बसा. उठल्यावर दोन खळगे हाताला लागतील. त्यांच्या मध्यांतील अंतर मोजा. ते बहुधा १० ते १४ सेंमी.च्या दरम्यान भरेल. पण वर्गातील सर्वांचे सारखे येणार नाही. सर्वांना एकच सीट कशी पुरेल?

म्हणून घरात गाडी घ्यायची ठरली, की जो ती रोज चालवणार त्यालाच अर्धा तास बसू द्या. दुकानातील दोन मिनिटांत मऊ फोम सर्वांनाच आवडतो. नंतर नाना पेठेत जाऊन सीटचा फोम बदलून घेता येतो. गाडीचे वजन बदलता येत नाही. आणि कोणी तक्रार केली, तर 'तुला सवय नाही' म्हणण्यापूर्वी आधी त्याचे वजन विचारा.