वडीलधाऱ्यांसह प्रवास : निवासाची निवड

वृद्ध आईवडिलांना घेऊन परगावी जाताना निवासाची निवड केवळ भाड्यावरून करू नये. तरुणांना दहा पायऱ्या जाणवतही नाहीत. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या व्यक्तीला मात्र त्याच पायऱ्या दिवसभर खोलीत अडकवून ठेवतात.

दिल्लीतील सरोजिनी नगरचे उदाहरण घेऊ. सरोजिनी नायडू यांचे नाव लाभलेली ही वसाहत बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. सफदरजंग रुग्णालय आणि ‘एम्स’ येथून जवळ आहेत. २०१८ पासून येथे मेट्रोची गुलाबी मार्गिका आहे. हजरत निजामुद्दीन रेल्वे स्थानकाजवळून मेट्रोत बसल्यास गाडी न बदलता येथे पोहोचता येते. हे लाभ खरेच. परंतु बाजाराच्या गर्दीत रिक्षा हॉटेलच्या दारापर्यंत जाईलच असे नाही.

म्हणून खोली ठरवण्यापूर्वी दूरध्वनीवरून नेमके प्रश्न विचारावेत. वाहन दाराशी थांबते का? लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागतात का? वीज गेल्यास लिफ्ट चालते का? शौचालयात कमोड व आधाराची दांडी आहे का? हिवाळ्यात पहाटे गरम पाणी मिळते का? सोय नसल्यास तळमजल्यावरील खोली मागावी.

तथापि, सर्वांत आधी विचारावे ते आईवडिलांनाच. मुलांवर खर्चाचा भार नको, म्हणून पुष्कळ वडीलधारी माणसे आपली अडचण बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या ‘चालेल’ या एका शब्दामागे कित्येकदा सोसणे दडलेले असते. ते ओळखणे, हीच योग्य निवडीची पहिली पायरी होय.