साइन बारखाली आर्यभट

आयटीआयच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे : ‘ड्रॉइंगवर २२.५ अंश होता. मी २२ अंश ५० मिनिटं धरून साइन बार लावला. जॉब रिजेक्ट झाला. एवढ्याने असा काय फरक पडतो?’

पडतो. पॉइंट पाच म्हणजे अर्धा अंश, आणि अंशाची मिनिटं साठ. म्हणजे हवी होती ३० मिनिटं. बार तिरका करायला त्याच्या एका टोकाखाली स्लिप गेज रचतात; चळतीची उंची म्हणजे बारची लांबी गुणिले कोनाचा साइन. १०० मिमीच्या साइन बारखाली ही चळत ३८.२७ मिमीची लागणार होती, लागली ३८.८१ची. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त! साडेदहाला ‘दहा पन्नास’ कुणी म्हणत नाही, पण कागदावर १०.५ दिसलं की भलेभले घसरतात.

हे साठाचं लचांड बाबिलोनचं. फ्रेंचांनी क्रांतीनंतर काटकोनाचे शंभर भाग करून पाहिले. ते जमिनीच्या मोजणीत काही देशांत रुजले, लेथवर मात्र नाही. कॅल्क्युलेटरवरचं ‘ग्रॅड’ ती त्यांची आठवण.

पण मला मोह पडला तो २२.५ या आकड्याचाच. इसवी सन ४९९च्या सुमारास आर्यभटाने वर्तुळाच्या परिघाच्या २१,६०० कला धरल्या (कला म्हणजे आपलं मिनिट) आणि त्रिज्याही कलांतच मोजली : ३,४३८. मग दर ३ अंश ४५ कलांनी जीवा (इथे अर्धी जीवा, म्हणजे त्रिज्या गुणिले साइन) किती वाढते ते दिलं. पहिल्या सहा वाढी २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०. सहा वेळा ३ अंश ४५ कला म्हणजे नेमके साडेबावीस अंश! बेरीज १,३१५. तिला ३,४३८ने भागा, शंभरने गुणा : ३८.२५ मिमी. कोनात ही चूक एका मिनिटाच्याही आत. वर्कशॉपमधल्या बेव्हल प्रोट्रॅक्टरचा व्हर्निअर सहसा पाच मिनिटांपर्यंतच वाचता येतो.

‘सगळं आपल्याकडेच होतं’ म्हणणाऱ्यांनी मात्र बाबिलोनचे साठ भाग विसरू नयेत. ‘साइन’ हा शब्द तेवढा खरोखर इथून गेला. जीवा अरबीत ‘जिबा’ झाली. लिहिताना स्वर गाळले जात, म्हणून पुढे ती ‘जैब’ वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याची घडी. हिंदीतली ‘जेब’ तीच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी घडीला ‘सायनस’ म्हटलं. म्हणजे साइन बारच्या नावात चुकून शिवलेला एक खिसा आहे.

जाता जाता : कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला असेल तर साइन २२.५ उणे ०.४८७ येतो. उणे गेज कुठे मिळत नाही, म्हणून ही चूक लगेच कळते. एक अंशाला मात्र ०.८४ येतो आणि तो खपूनही जाईल. तेव्हा हिशेबाआधी ३० अंशाचा साइन काढून बघा. बरोबर ०.५ आला तरच गेजच्या पेटीला हात लावा.