अंतराळातील बिऱ्हाड आणि त्याचे संगणक



दिवेलागणीच्या सुमारास एखादे वेळी एक तेजस्वी ठिपका न लुकलुकता, मुकाट्याने आपले आकाश ओलांडून जातो. ते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक. 2 नोव्हेंबर 2000 पासून या बिऱ्हाडाला एकदाही कुलूप लागलेले नाही. माणसे येतात, बहुधा सहा-सहा महिने राहतात आणि परततात. ज्या संगणकांवर त्यांचा जीव अवलंबून आहे ते तेथे कसे चालतात, आणि घरची खुशाली त्यांना कशी कळते, हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसतात. पण एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून पुरे होत नाही.

प्रथम यंत्राचा विचार करू. तेथील रोजच्या वापराचे संगणक म्हणजे आपल्या कचेऱ्यांत असतात तसले लॅपटॉपच. पण साधी वस्तूही तेथे साधी राहत नाही. आपल्याकडे तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या जागी गार हवा येते. तेथे वजनच जाणवत नाही, मग हलके कोणते आणि वर तरी कोणते? तापलेली हवा यंत्राभोवतीच घुटमळते. पंख्याने ती सतत हलवीत ठेवावी लागते. दुसरा शत्रू किरणोत्सर्ग. वातावरणाचे पांघरूण तेथे नाही. एखादा वेगवान कण संगणकाच्या स्मृतीतून गेला, तर एकाचे शून्य किंवा शून्याचे एक करून जातो. ब्राझीलजवळच्या दक्षिण अटलांटिकवरून जाताना हा मारा वाढतो, कारण पृथ्वीभोवतालचा कणांचा पट्टा तेथे खाली उतरलेला आहे.

म्हणून स्थानकाचा कारभार पाहणारे संगणक वेगळे ठेवलेले आहेत. त्यांतील कित्येकांचा प्रोसेसर 386 या जुन्या पिढीतला. आपल्याला हसू येईल. परंतु जेथे चुकायला जागा नाही, तेथे नव्यापेक्षा पारखलेले बरे. आणि पारखलेलेही कधी दगा देते. जून 2007 मध्ये स्थानकाच्या रशियन भागातील मुख्य संगणक बंद पडले. स्थानकाची दिशा सांभाळणे आणि प्राणवायूचे यंत्र चालविणे ही कामे त्यांच्याकडे होती. सुनीता विल्यम्स त्या वेळी तेथेच होत्या. शेजारी जोडलेल्या अटलांटिस यानाने दिशा सांभाळण्यास हात दिला, आणि रशियन अंतराळवीरांनी जमिनीवरील तज्ज्ञांच्या सल्ल्याने वीजपुरवठ्यातला एक स्विच तारेने वगळून संगणक चालू केले. पुढे कारण सापडले ते ओलाव्याने गंजलेल्या जोडणीचे. एवढे थोरले स्थानक, आणि दोष आपल्या माजघरातल्या फ्यूजच्या जातीचा!

असल्या घराला इंटरनेटचे दार उघडावे कसे? 2008 मध्ये तेथील काही लॅपटॉपांना व्हायरसची लागण झालीच होती. सुदैवाने ती ई-पत्रे आणि आहाराच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रांपुरती राहिली. कारभाराच्या संगणकांना धक्का लागला नाही. तेव्हा दार उघडायचे, पण चोर आत येऊ द्यायचा नाही, असा पेच होता.

त्यावरचा तोडगा मोठा मार्मिक आहे. समजा, आपण माडीवर बसलो आहोत आणि बाजारात आपला गडी उभा आहे. आपण खूण करावी, त्याने वस्तू उचलून दाखवावी. वस्तू मात्र माडीवर आणायची नाही. येथे गड्याचे काम जमिनीवरचा एक संगणक करतो. इंटरनेटवर फिरतो तो. अंतराळवीराला दिसते ते त्याच्या पडद्याचे चित्र, आणि खाली जातात त्या याच्या बोटांच्या खुणा. जानेवारी 2010 मध्ये ही सोय झाली आणि टी. जे. क्रीमर यांनी ट्विटरवर स्वतःच्या हाताने संदेश लिहिला. त्यापूर्वी मजकूर खाली धाडायचा आणि तेथल्या कोणी तो प्रसिद्ध करायचा, अशी रीत होती.

आता ही खूण जाते कोणत्या वाटेने? स्थानक सुमारे 400 किलोमीटरवर आहे आणि दीड तासात पृथ्वीला फेरी घालते. एका गावाच्या आकाशात ते फार तर दहा मिनिटे टिकते. तेवढ्यात बोलणे कसले होणार? म्हणून ते आपला संदेश वर, 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडे पाठविते. पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने ते उपग्रह जागच्या जागी थांबल्यासारखे असतात. ते तो संदेश अमेरिकेतील न्यू मेक्सिको किंवा प्रशांत महासागरातील ग्वाम येथील केंद्रांवर उतरवितात. म्हणजे आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या माणसाने घरी लिहिलेले दोन शब्दसुद्धा सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करतात! जाण्यायेण्यात निदान अर्धा सेकंद मोडतो. मधूनमधून उपग्रह नजरेआड झाला की संभाषण तुटते.

कोणी विचारील, शास्त्रज्ञांना ही चैन कशाला? मला ती चैन वाटत नाही. बंद डब्यात महिनोन् महिने काढणाऱ्याला मुलाबाळांचा चेहरा दिसणे हे प्राणवायूच्या खालोखाल गरजेचे आहे. मन खचलेल्या माणसाच्या हातून तारही नीट जोडली जाणार नाही. एक संगणक स्थानक सांभाळतो, दुसरा माणूस सांभाळतो. आणि स्थानक अखेर माणसालाच सांभाळावे लागते.

खरी कसोटी पुढेच आहे. मंगळावर पोचलेल्या माणसाचा शब्द येथे यायला तीन ते बावीस मिनिटे लागतील आणि उत्तराला पुन्हा तेवढीच. 2007 सारखा प्रसंग तेथे ओढवला तर खालच्या तज्ज्ञाला विचारीत बसता येणार नाही, आणि आईशी बोलावेसे वाटले तरी बोलणे व्हायचे नाही. पत्रच लिहावे लागेल. पत्राची वाट पाहणे आपल्या आजोबा-आजींना ठाऊक होते. मंगळाच्या प्रवाशाला ते नव्याने शिकावे लागेल.